शेवट सांगायचा न्हाई

मन्मथअप्पांनी आयुष्यात जेवढे खून पाहिले तेवढे यमाच्या रेड्यानंसुद्धा पाहिले नसतील. विषानं झालेले, सुरीनं झालेले, उशी दाबून झालेले. एक तर पियानोच्या तारेनं गळा आवळून झालेला, आणि पियानो म्हणजे काय हे नांदूरघाटात तेव्हा कुणालाच ठाऊक नसल्यामुळं त्या खुनावर पंधरवडाभर नुसता वाद चालला. हे सगळे खून अप्पांनी पेठेतल्या आपल्या दोरखंडाच्या दुकानात, सुताच्या वेटोळ्यांना पाठ टेकून, भुईमुगाच्या शेंगा फोडत फोडत पाहिले. खरं मढं बघायची पाळी आली की मात्र हा माणूस गल्लीच्या तोंडावरूनच हात जोडून माघारी फिरायचा. "आपल्याच्यानं बघवत न्हाई बाप्पा," म्हणायचा.

मी त्या गावच्या शाळेत मास्तर होतो. मी जरा वाढवून सांगतो असा माझ्यावर जुना आरोप आहे. तो करणारे स्वतः माझ्या दुप्पट वाढवून सांगतात, ते सोडा. पण अप्पांच्या बाबतीत वाढवायला जागाच नाही. कपाळावर भस्माचे पट्टे असे रुंद, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, भिंतीला चुना मारायचं काम अर्धं राहिलंय. गळ्यात लिंग, नाकावर सुतळीनं बांधलेला चष्मा, आणि आवाज असा की दुकानात गिऱ्हाइकाला "बसा" म्हणाले तर एस्टी स्टँडावर उभी असलेली माणसं खाली बसायची.

ते दिवस झपाट्यानं बदलण्याचे होते. नायलॉनचा दोर आला होता, प्लास्टिकची बादली आली होती, विहिरींवर मोटारी बसत होत्या. माळवदांवर टीव्हीच्या छत्र्या उगवत होत्या आणि केजला फोनची बूथं निघाली होती. अप्पा नायलॉनचा दोर विकायचे, पण त्याला दोर म्हणायचे नाहीत. "त्येला गाठ बसत न्हाई मास्तर. गाठ न बसणाऱ्या वस्तूवर आपण इश्वास ठिवीत न्हाई." कासरे, दावी, सोल, विहिरीतून पाणी शेंदायचे पोहरे, असा सगळा जुना माल त्यांनी छताला टांगून ठेवलेला. दुकानात शिरणाऱ्या माणसाला पहिल्यांदा फाशीघरात आल्यासारखं वाटायचं.

दाराच्या चौकटीला एक लोखंडी गळ लटकलेला असायचा. चार आकड्यांचा, मांजराच्या पंजासारखा. पंचक्रोशीत कुणाचा पोहरा विहिरीत पडला, कळशी पडली, की माणूस अप्पांकडं यायचा, गळ न्यायचा, वस्तू वर काढायचा आणि गळ परत आणून त्याच खिळ्याला टांगायचा. त्याचं भाडं अप्पांनी कधी घेतलं नाही. "पाण्यातलं वर काढायला पैशे घेत्यात व्हय कुठं?"

आता पुस्तकांचं. ती यायची खाजाभाईच्या सायकलच्या दुकानातून. खाजाभाई सायकली तासावर द्यायचा आणि रहस्यकथा दिवसावर. पुस्तकं हातोहात फिरून अशी व्हायची की पहिल्या महिन्यात मुखपृष्ठ जायचं, दुसऱ्यात नाव, तिसऱ्यात लेखक. मग खाजाभाई उरलेल्या पानांना ट्यूबच्या रबराचा कणा चिकटवायचा. त्यामुळं आमच्यापैकी कुणालाही कुठल्याच पुस्तकाचं नाव माहीत नसायचं. "ते तारेवालं दे," "ते मुकी मोलकरीण हाय ते दे," असं मागायचं. सायकलच्या दुकानातली एवढी अडाणी आणि एवढी खपणारी लायब्ररी मराठवाड्यात दुसरी नसेल.

अप्पांच्या दुकानापुढं दगडी बाक होता. तिथं आम्ही वाचणारे जमायचो. मी, खाजाभाई, आणि पोलिसातून निवृत्त झालेले साळुंके जमादार, ज्यांनी नोकरीत जेवढे चोर सोडले त्याहून जास्त पुस्तकात पकडले. या बाकाचा एकच कायदा होता आणि तो अप्पांनी केलेला होता. शेवट सांगायचा न्हाई. ज्यानं आधी वाचलंय त्यानं तोंड शिवून बसायचं. कुणाच्या तोंडून शेवट निसटलाच, तर त्यानं तो लोखंडी गळ गळ्यात अडकवून दुकानापुढं उभं राहायचं. आमचे हेडमास्तर एकदा घाईत बोलून गेले, "मला तर त्या डॉक्टरवर पहिल्यापासून संशय होता." झालं. शाळेचा मुख्याध्यापक भर पेठेत गळ घालून उभा! पाटोद्याकडचा एक शेतकरी त्यांच्याजवळ आला, गळ हातात घेऊन वजन पाहिलं आणि विचारलं, "केवढ्याला?" हेडमास्तरांनी किंमत सांगितली आणि वर दोन रुपये कमीही केले. गळ विकू नये म्हणून अप्पांना धावत बाहेर यावं लागलं.

दुसरी एक रीत होती, ती अप्पांची एकट्याची. शेवटचं प्रकरण आलं की ते पुस्तक मिटायचे, त्याला सुतळी बांधायचे, गाठ मारायचे, आणि बाकाशी येऊन आपला खुनी जाहीर करायचे. कोण, कशानं, का, सगळं पुराव्यासकट. एक रात्र मध्ये जाऊ द्यायचे. सुतळी दुसऱ्या दिवशी सोडायचे. आणि नेहमी चुकायचे! इतका ठाम चुकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांचा खुनी ठरलेला असायचा: माळी, ड्रायव्हर, परगावचा पाहुणा, नवा भाडेकरू. घरच्या माणसावर त्यांनी एकदाही बोट ठेवलं नाही.

"घरचं माणूस घरच्याला मारीत न्हाई मास्तर."

जमादार बिडी झटकत म्हणायचे, "अप्पा, उभा जन्म खात्यात काढला मी. चोर भायेरचा असतो. खुनी आतलाच निगतो."

"तुमी लई वाईट घरं बगितली, जमादार."

"घरंच बगितली. वाईट का चांगली, ते मागनं कळायचं."

या सगळ्याला आतून हसणारं एक माणूस होतं. अप्पांची लेक, गिरिजा. एकुलती. तिचा कायदा उलटा. पुस्तक हातात आलं की ती शेवटचं पान आधी वाचायची. मग पहिल्यापासून सावकाश. बाप बाकावर उभा राहून सुतळी बांधलेलं पुस्तक नाचवत माळ्याला फासावर देत असायचा, आणि ही दाराच्या आत उभी राहून, पदराचं टोक दातात धरून, डोळ्यांनी हसत असायची. खुनी तिला ठाऊक असायचा. पण तिनं एकदाही सांगितलं नाही. अप्पा कौतुकानं म्हणायचे, "मपली लेक पोटात विहीर घिऊन जल्मली. काय टाका, वर येत न्हाई."

तिचं लग्न केजच्या वाटेवरल्या एका गावात झालं. गावाचं नाव मी घेत नाही. शेती होती, बागायत होती, मळ्यात विहीर होती. अप्पांनी लग्नात भांड्याकुंड्यांबरोबर आपल्या दुकानातला सुताचा नवा दोर दिला. जावयाला शेतीत रस नव्हता. त्याला फोनचं बूथ टाकायचं होतं, आणि ते सासऱ्यानं टाकून द्यावं असं त्याच्या घरातल्या सगळ्यांचं एकमत होतं. हे एकमत गिरिजाच्या अंगावर उमटायला लागलं. आधी दंडावर, मग पाठीवर.

ती एकदा माहेरी आली ती पिशवी घेऊनच. चुलीपाशी आईला तिनं पाठ दाखवली. अप्पांना दाखवली नाही. त्यांना बघवत नाही हे तिला माहीत होतं. अप्पा दुसऱ्या दिवशी स्वतः तिला एस्टीत बसवायला आले. मी तिथंच, स्टँडावर होतो.

"बाजाराच्या दिशी मी सोता येतो," अप्पा खिडकीला हात लावून म्हणाले. "चार मान्सं घिऊन बोलतो त्येंच्यासंगं. न्हाई ऐकलं तर तुला घिऊन येतो. तवर कळ काढ."

"नक्की येनार?"

"नक्की."

"मी वाट बगते आप्पा."

बाजाराच्या दिवशी पेठ अशी फुगली की पाय ठेवायला जागा नाही. पेरणीच्या तोंडाचे दिवस, दोरखंडाला तेव्हाच गिऱ्हाईक. पार्वतीअक्का, म्हणजे अप्पांची बायको, दारात येऊन दोनदा म्हणाली, "जायाचं हाय ना वं तुमाला?" अप्पा कासरा मोजत म्हणाले, "आता ह्ये गिऱ्हाईक गेलं की." ते गेलं की दुसरं आलं. दुपारची एस्टी गेली, सांजेची गेली. "उद्या जातो," अप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला जाण्याआधी मी बाकावर बसलो होतो. एक गडी मोटारसायकलवर आला.

"अप्पा, गळ पायजे."

"काय पडलं रं?"

"पोहरा."

अप्पांनी गळ खिळ्यावरून काढला आणि देता देता म्हणाले, "पडला का कुणी ढकलला, ते बगा बरं. पोहऱ्याचा बी खून व्हतो!"

गडी हसला नाही. पुस्तकात जो गडी हसत नाही त्याच्यावर अप्पा पहिल्या झटक्यात संशय घ्यायचे. त्या दिवशी घेतला नाही. तो कुठल्या गावचा हेही विचारलं नाही.

गळ परत आला नाही. दुपारी निरोप आला.

आम्ही मळ्यात पोचलो तेव्हा तिला वर काढून चादरीखाली ठेवलं होतं. गळ शेजारी पडला होता, आणि त्याला बांधलेला दोर अप्पांच्याच दुकानातला, लग्नातला. मढ्यावरून माघारी फिरणारे अप्पा त्या दिवशी फिरले नाहीत. त्यांनी चादर वर केली, बघितलं, पुन्हा नीट घातली. मग ते विहिरीच्या काठाशी गेले आणि तिथंच खिळले.

काठाच्या दगडावर गिरिजाच्या चपला होत्या. जोडून, नीट, देवळाबाहेर काढून ठेवाव्यात तशा. पण टाचा विहिरीकडं आणि अंगठे रस्त्याकडं.

फौजदार पाय घसरल्याचा कागद करत होता. अप्पा त्याच्यापुढं उभे राहिले.

"घसरनारा मानूस चपला काढून घसरतो व्हय सायेब?"

"मग जीव दिला असं लिहू?"

"अंगठे बगा. मानूस विहिरीकडं चालत गेला तर अंगठे विहिरीकडं पायजेत. ह्या चपला दुसऱ्यानं आनून ठिवल्यात. पोरीला ढकललंय."

"कशावरून?"

"पुस्तकात हाय," अप्पा म्हणाले. "डिटेक्टिव्हनं चपलांवरनंच खुनी धरला. मी वाचलंय."

चादरीपाशी रडणाऱ्या बायांनी पदर बाजूला करून अप्पांकडं बघितलं. फौजदारानं टोपी काढली, घाम पुसला, आणि बापाला वाटेला लावायचं म्हणून म्हणाला, "आणा ते पुस्तक. दाखवा. मग बघू."

तो संध्याकाळपर्यंत हे विसरला असेल. अप्पांनी मात्र ते शब्द कोर्टाच्या हुकमासारखे धरले.

आणि पुस्तक कुठलं? नाव नाही, लेखक नाही. अप्पांना आठवत होतं ते एवढंच: डिटेक्टिव्हला कायमची सर्दी, तो सारखा शिंकतो, एक विहीर, एक मुलगी, उलट्या चपला, आणि शेवटी सिद्ध होतो तो खून. खाजाभाईकडं जावं, तर त्यानं टीव्हीच्या छत्र्या आल्यावर सगळी पुस्तकं भजेवाल्याला वजनावर देऊन टाकली होती. अप्पा त्या भजेवाल्याकडं जाऊन उभे राहिले. उरलेली पानं चाळली. तेलानं पारदर्शक झालेल्या पानांत तीन खुनांचे तुकडे मिळाले. शिंकणारा कुणी नव्हता.

मग आम्ही वाचणारे शोधायला लागलो. केज-अंबाजोगाई गाडीचा एक कंडक्टर स्वतः रहस्यकथांचा भक्त होता. तो तिकीट फाडता फाडता गाडीभर ओरडायचा, "शिंकणारा डिटेक्टिव्ह कुणी वाचलाय का बे? विहीर हाय त्यात, चपला हायेत!" मी सांगतो म्हणून खोटं वाटेल, पण महिनाभरात त्या रस्त्यावर मामलेदारापेक्षा त्या शिंकणाऱ्या डिटेक्टिव्हला जास्त माणसं ओळखायला लागली. निरोप यायला लागले. एक म्हणे, विहीर नव्हती, हौद होता. दुसरा म्हणे, चपला पुरुषाच्या होत्या. एका तलाठ्यानं शपथेवर सांगितलं, की डिटेक्टिव्ह शिंकत नव्हता, खोकत होता, आणि त्याला क्षय होता.

पण बाकीचे निरोप वेगळेच होते. कंडक्टर एक दिवस अप्पांच्या दुकानात आला तो खाली मान घालून.

"अप्पा, आता मी न्हाई इचारीत गाडीत."

"कावून?"

"लोक पुस्तक सांगंनात. गावं सांगायलेत. विहीर म्हनलं, चपला म्हनलं की मागच्या सीटवरली बाई म्हनती, 'हां, ती आमच्या भावकीतलीच.' दुसरी म्हनती, 'आमच्या वरल्या आळीतली.' पुस्तक कुनालाच ठाव न्हाई, पर विहीर समद्यांला ठाव हाय."

अप्पांनी त्याला पाणी दिलं. त्या दिवसांत घरी पार्वतीअक्का त्यांच्याशी बोलत नव्हती. ताट वाढायची, पाट मांडायची, आणि आत जायची. भांडण नाही, आदळआपट नाही. तिनं त्यांच्यापुढचं बोलणंच उचलून नेलं होतं. अप्पा जेवता जेवता मोठ्यानं म्हणायचे, "एकदा पुस्तक घावू दे. मग बगतो एकेकाला." आतून भांडं ठेवल्याचा आवाज यायचा.

पुस्तक सापडलं ते माझ्या मेहुण्याचं हाड मोडल्यामुळं. त्याला अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात घातलं होतं. तिथं वॉर्डात शकुंतला सिस्टर म्हणून होत्या. पेशंटच्या नातेवाइकांना वाचायला त्या एक कपाटभर पुस्तकं ठेवायच्या. मी सवयीनं विचारलं.

"शिंकणारा?" त्या म्हणाल्या. "'तिसरी शिंक'. आहे की. पण ते मी बायांच्या वॉर्डात ठेवत नाही."

त्यांनी ते स्वतःच्या टेबलाच्या खणातून काढलं. मुखपृष्ठावर पिस्तूल घेतलेली बाई होती. आत पिस्तूलही नव्हतं आणि तसली बाईही नव्हती. मी उड्या मारायच्या बेतात होतो. सिस्टरांनी पुस्तक हातातून सोडलं नाही.

"कुणाला पाहिजे?"

"एका मुलीच्या वडिलांना. ती विहिरीत..."

सिस्टरांनी पुस्तक शेवटच्या प्रकरणाशी उघडलं. "मग शेवटचं प्रकरण आधी तुम्ही वाचा. इथंच."

मी तिथंच, औषधांच्या वासात, स्टुलावर बसून वाचलं. त्या पुस्तकातही चपला उलट्याच होत्या. मधल्या प्रकरणात गाव म्हणतं खून, पोलीस म्हणतात खून, माळ्याला बेड्या पडतात. शेवटी तो शिंकणारा डिटेक्टिव्ह त्या चपलांत स्वतःचे पाय घालून बघतो. विहिरीकडं पाठ होते आणि समोर रस्ता येतो. मग त्याला कळतं. बापानं न्यायला येतो म्हणून सांगितलेलं असतं. ती मुलगी विहिरीला पाठ करून, रस्त्याकडं तोंड करून, दिवसभर उभी असते. चपला काढते तीही त्याच जागी, तशीच उभ्या उभ्या. ढकललेलं कुणी नसतं. आलेलंही कुणी नसतं.

सिस्टरांनी पुस्तक नेऊ दिलं, पण परत येताना एस्टीत मी कुणाशी बोललो नाही. माझ्या ओळखीच्या माणसांना हे खरं वाटणार नाही.

खाजाभाईच्या दुकानात आम्ही तिघं बसलो. जमादारांनी वाचलं, मग खाजाभाईनं वाचलं. हवा भरायला आलेला माणूस वाट बघून निघून गेला.

"पर अप्पाला तर आठवतंय खून," मी म्हणालो. "खुनी धरला म्हणतात."

खाजाभाईनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "मास्तर, अब पढा तो याद आया. वो किताब का आखिर नहीं है. वो अप्पा का आखिर है. सुतळी बांधून बाकावर बोले थे ना, चपला दुसऱ्याने ठेवल्या, माळी खुनी. मैं था वहाँ. दुसऱ्या दिवशी खरा शेवट वाचला आन् हमेशा की तरह हसून सोडून दिला. किताबवाला भूल गये, अपनावाला याद रह गया."

आम्ही तिघंही त्या रबरी कण्याच्या पुस्तकांच्या रिकाम्या फळीकडं बघत बसलो. मग खाजाभाई फार हळू म्हणाला, "गिरिजा बेटी ने भी पढी थी. तिच्या हातात मीच दिली होती. पहले आखिरी पन्ना."

जमादारांची बिडी विझली ती त्यांनी पेटवली नाही.

"म्हंजे त्या चपला..." मी म्हणालो.

"बोलू नका मास्तर," जमादार म्हणाले. मग स्वतःच बोलले. "ह्ये पुस्तक फौजदाराफुडं ठिवलं तर काय व्हईल? बाप गुन्हेगार, आन् ज्येंनी पोरीची पाठ काळीनिळी केली ते धुतले तांदूळ. त्येंनी काठापतूर नेली तिला. ते कुन्या प्रकरनात हाय? ह्या भाड्याच्या पुस्तकात तर न्हाई."

एवढ्यात दारात सावली पडली. अप्पा. गावात अशी बातमी टपालाआधी पोचते.

"घावलं म्हनं?"

पुस्तक जमादारांच्या मांडीवर उघडं होतं. त्यांनी ते मिटलं.

"घावलं अप्पा. पर ह्येचा उपेग न्हाई. फौजदार मानायचा न्हाई."

"कावून? खून हाय ना शेवटी?"

जमादारांनी आयुष्यात कितीतरी घरी जाऊन वाईट बातम्या सांगितल्या असतील. त्या दिवशी त्यांना एक सांगता येईना. ते म्हणाले, "शेवट सांगायचा न्हाई. कायदा तुमचाच हाय."

अप्पा आमच्याकडं बघत राहिले. एकेकाच्या तोंडाकडं, सावकाश. पुस्तकातल्या दिवाणखान्यात सगळ्यांना बसवून डिटेक्टिव्ह बघतो तसं. माझ्यावर नजर आली तेव्हा मी खाली बघितलं, आणि सायकलच्या साखळीला तेल घालायची डबी कारण नसताना उचलली.

"बरं," अप्पा म्हणाले. त्यांनी हात पुढं केला. जमादारांना पुस्तक द्यावं लागलं. अप्पांनी ते उघडलं नाही. कोटाच्या खिशातून सुतळीचा तुकडा काढला, पानं चाचपून शेवटचं प्रकरण अंगठ्यानं वेगळं केलं, तिथं सुतळी घातली आणि गाठ मारली. जाताना दारात थांबले.

"खाजाभाई, ह्येचं दिवसाचं भाडं किती?"

"अप्पा..."

"बरं बरं," म्हणाले आणि गेले. तो आवाज सायकलच्या दुकानाबाहेरही ऐकू गेला नसेल.

पुढच्या महिन्यात माझी बदली झाली. मागनं ऐकलं ते असं की अप्पा पुष्कळ वर्षं जगले, दुकानही चालवलं. फौजदाराकडं ते पुन्हा गेले ते पुस्तकाशिवाय, पार्वतीअक्काला घेऊन. लेकीच्या पाठीवर काय होतं ते तिनं सांगितलं. त्या कागदांचं पुढं काय झालं त्याच्या दोन वेगवेगळ्या हकिगती सांगतात, आणि दोन्ही सांगणारे माझ्यासारखेच आहेत, म्हणून मी एकही सांगत नाही. एवढं खरं की बाजाराच्या दिवशी दुकान बंद असायचं. पेठेत पाय ठेवायला जागा नाही, दोराला गिऱ्हाईक, आणि अप्पांच्या दुकानाला कुलूप.

दुकान बंद राहिलेला पहिला बाजार मी पाहिला. बाजाराला शाळा बंद असायची, मी बदलीच्या कामाला केजला निघालो होतो. गिरिजाच्या सासरच्या फाट्यावर गाडी थांबली. सहज शेताकडं नजर गेली, तर मळ्यातल्या विहिरीच्या काठावर भस्माचे पट्टे. मी ओरडत, लोकांचे पाय तुडवत उतरलो आणि शेतातून पळत सुटलो. माझ्याएवढं वेगानं त्या शिवारात कुणी पळालं नसेल.

अप्पांनी शांतपणे माझ्याकडं बघितलं. पायांत चपला होत्या. विहिरीकडं पाठ होती.

"पळू नका मास्तर. मी त्येच्यासाठी आलो न्हाई."

त्यांनी हातानं समोर दाखवलं.

"इथनं फाटा दिसतो. पार सडकंपतूर. एस्टीतनं कोन उतरलं ते बी वळखू येतं. तुमी उतरलात, लगीच वळखलं मी."

त्यांच्या काखेत पुस्तक होतं. सुतळी तशीच. गाठ सोडलेली नव्हती.

"वाचलं न्हाई अजून?"

"कशाला?" अप्पा म्हणाले. "खुनी वळखला मी. बाकावर येऊन सांगायचं व्हतं, पर ह्या बारीला चुकलो न्हाई ना, म्हनून न्हाई आलो."

वारा होता. विहिरीतून पारव्यांचा आवाज येत होता.

"तिनं कव्हा शेवट सांगितला न्हाई मला," ते म्हणाले. "लेकीनं ह्यो एकच सांगितला."

मी त्यांचा हात धरला. ते आले नाहीत. लांब सडकेवर धूळ उठली, केजकडून येणारी गाडी फाट्याला थांबली. अप्पांनी चष्मा सारखा केला, डोळ्यांवर हाताचा आडोसा केला, आणि दारातून उतरणारं एकेक माणूस निरखून बघायला लागले. एक म्हातारी उतरली, एक गाठोडंवाला उतरला, आणि दार लागलं.